डीकन डावीकडे वळतो

१२ एप्रिल, शनिवार

ही डायरी खरं तर हॉइटची, माझ्या नवऱ्याची. पशुखाद्याच्या दुकानातून दर नाताळात त्याच्या नावानं यायची. माणूस जाऊन वर्ष झालं तरी यंदाही आली. तो तिच्यात कोणती गाय कधी विणार एवढंच लिहायचा. आता मी माझं लिहिते. घरात बोलायला कुणी नाही, आणि कुत्रा म्हातारा झालाय, ऐकता ऐकता मध्येच झोपतो.

आज ड्वेन आला होता, माझा दीर. हॉइटचे बाकीचे सगळे वळू त्यानं हिवाळ्यात विकून टाकले. उरला एकटा डीकन. कॉफी संपेपर्यंत ड्वेन हवापाण्याचं बोलला, मग म्हणाला, "व्हर्ना, स्पष्टच सांगतो. रोडिओचा वळू म्हणजे कसा, पाठीवरच्या स्वाराला पत्ता लागू न देता उधळणारा. तुझा हा खोड्याच्या अरुंद कप्प्यातून सुटतो, दोन उड्या मारतो आणि डावीकडे गिरकी घेतो. दरवेळी! पोरं आधीच डावीकडे झुकून बसतात. असल्याला कोण घेणार?"

"अजून लहान आहे तो."

"चार वर्षांचा झालाय. लहान तूच आहेस."

कुरण आम्हा दोघांच्या नावावर आहे आणि एका निकामी वळूसाठी ते अडवून ठेवायला ड्वेन तयार नाही. शेवटी ठरलं ते असं : सप्टेंबरच्या जत्रेत टेक्ससचा ठेकेदार लमार रोडिओसाठी वळू निवडायला येतो. त्यानं डीकनला घेतलं तर माझं खरं. मग डीकन हंगामात गावोगावी फिरेल आणि हिवाळ्यात घरी येईल. नाही घेतलं तर सोमवारचा बाजार. त्या बाजारातून असले वळू कुठं जातात ते आम्ही दोघंही बोललो नाही. तिथून जनावर परत येतं ते हॅम्बर्गर होऊन.

डीकन जन्मला रविवारी सकाळी, आणि त्याची आई त्याच दिवशी गेली. हॉइटनं आयुष्यात पहिल्यांदा चर्च बुडवलं. या स्वयंपाकघरात, याच फरशीवर, मी त्याला बाटलीनं दूध पाजलं. तेव्हापासून तोंड असं गंभीर, की आता चर्चमधल्या डीकनसारखा दानाची थाळी फिरवायला उठेल. म्हणून नाव डीकन.

मी त्याला बाजारात पाठवणार नाही. कसं ते अजून माहीत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आसपासची पोरं सरावाला आली. मी नेहमीच्या जागी, रिंगणातून बाहेर पडायच्या फाटकापाशी, खोड्याच्या डाव्या अंगाला हिरवी बादली घेऊन उभी. बादलीत काल उरलेला मक्याचा पाव. हे हॉइटच्या वेळेपासूनचं. उधळून झालं की डीकन थेट माझ्याकडे येतो आणि बादलीत तोंड घालतो.

दोन उड्या, डावी गिरकी. स्वारानं पाठीवर टिकायचे आठ सेकंद आरामात काढले आणि उतरून टोपी झटकली.

"काकू," तो म्हणाला, "तुमचा वळू म्हणजे शाळेची बस. तोच रस्ता, तोच थांबा."

सगळे खदखदून हसले. सव्वीस वर्षं शाळेच्या खानावळीत मी याच पोरांना बटाटे वाढले. तेव्हा मीठ जास्त घालायला हवं होतं.

ओटिस मात्र हसले नाहीत. वळू उधळावा म्हणून त्याला पोटपट्टा बांधायला गेली कित्येक वर्षं तेच येतात, हॉइट होता तेव्हापासून. जाताना त्यांनी माझ्या फाटकाची लोंबणारी बिजागरी बसवून दिली. मी सांगितलं नव्हतं. वास्तविक पट्टा बांधायला एकाच वळूसाठी येण्यात त्यांना काय मिळतं कोण जाणे. घरी कंटाळा येत असेल.

३ मे, शनिवार

डावीकडे.

१७ मे, शनिवार

आज मला वाटलं, जिंकले!

ओटिस म्हणाले होते, "व्हर्नाबाई, जागा बदलून बघू." डीकनला त्यांच्या ट्रकात घालून ड्वेनच्या रिंगणावर नेलं. तिथं सगळं उलटं आहे, बाहेरचं फाटक उजव्या अंगाला. मी बादली घेऊन तिकडे उभी राहिले. खोड्यात डीकनचा कान सारखा माझ्या बाजूला हलत होता, माश्यांनी हैराण केलं होतं बिचाऱ्याला. फाटक उघडलं आणि माझा डीकन चक्क उजवीकडे वळला! स्वार डावीकडे झुकला होता, तो गेला तोंडावर.

मी ओरडले, नाचले. मग ड्वेन म्हणाला, "पुन्हा सोडा." पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदाही उजवीकडे. तोवर पोरांना कळलं होतं.

"अभिनंदन," ड्वेन म्हणाला. "बसचा मार्ग बदलला."

माझं मत : हा पाण्याचा परिणाम. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, ड्वेनकडे नळाचं. ओटिसना सांगितलं. ते म्हणाले, "असेल."

८ जून, रविवार

ड्वेनची शेल्बी सुट्टीला आली. विद्यापीठात मेंदूवर शिकते, म्हणजे उंदरांना खेळ खेळायला लावते. चर्चनंतर माझ्याकडेच जेवली. पोरगी बापावर गेलेली नाही, देवाची कृपा.

डीकनचं गाऱ्हाणं सांगितलं तर म्हणाली, "काकू, आमचा उंदीर बघ. समोर दोन भोकं. उंदरानं एक निवडायचं. तो कुठलं निवडणार याचा अंदाज संगणक बांधतो, आणि अंदाज चुकला तरच उंदराला खाऊ. संगणक भोळा असतो तोवर उंदीर त्याच्या खोड्या ओळखून डाव टाकतो. पण संगणक हुशार केला, की काही केल्या उंदराला जिंकता येत नाही. मग उंदीर काय करतो माहितीये? हुशारी सोडून देतो. वाटेल तिकडे जातो. आधी काय झालं ते विसरल्यासारखा."

"म्हणजे डोकं फिरतं त्याचं."

"नाही ना! तीच तर गंमत. आम्हालाही आधी वाटायचं, बेभरवशाचं वागणं म्हणजे मेंदूतला गोंधळ. पण मेंदू ते स्वतः करतो. पुढच्या भागात एक रसायन सोडतो आणि जुना अनुभव बाजूला सारतो. नेहमीचं चालेना, म्हणून नवं काही सापडतं का ते चाचपतो."

मी म्हटलं, हे तर कुणीही करू शकतं. ती म्हणाली, "बरं, तू मनाला येईल तसं छापा-काटा म्हणत जा. मी आधी ओळखते."

दहा मिनिटांत तिनं माझी भंबेरी उडवली. दोनदा छापा म्हटलं की मी तिसऱ्यांदा काटाच म्हणते म्हणे. मला वाटत होतं, मी मनाला येईल तेच म्हणतेय.

"काकू, तू दर शुक्रवारी त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर, तोच तळलेला कॅटफिश खातेस. तुझ्यावर कुणी स्वार झालं तर आठ सेकंद काय, आठ वर्षं काढेल."

"अगं, चांगला असतो तिथला कॅटफिश!"

रागच आला. मला इतकं सहज कुणी वाचावं, हे आवडलं नाही. हॉइट गेल्यावर मी सगळं जिथल्या तिथं ठेवलं, कारण एक गोष्ट हलवली असती तर सगळंच कोसळलं असतं. ते तिला सांगितलं नाही.

२१ जून, शनिवार

दाढ सुजली. सकाळी दंतवैद्याकडे गेले, परत येईतो सराव संपला होता. ओटिस पायऱ्यांवर बसले होते, टोपी हातात. मला वाटलं डीकनला काही झालं.

"व्हर्नाबाई, आज तुम्ही बघायला हवं होतं. पहिलीच उडी उजवीकडे. तिथून हवेतच फिरला, मागे आला, थांबला. चक्क थांबला! स्वाराला वाटलं संपलं, तेवढ्यात डावीकडे अशी गिरकी की पोरगं कुंपणापाशी जाऊन पडलं. दुसऱ्यानं हौस केली. त्याला वेगळाच नाच. एकसारखं काही म्हणून नाही."

अर्धा गाल बधिर, त्यातूनच मी किंचाळले.

"फक्त नंतर बाहेर जाईना," ओटिस म्हणाले. "मान वर करून रिंगणात फिरत राहिला. कितीतरी वेळ."

नखरे! पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या ना, म्हणून. पण कारण मला कळलंय. परवापासून मी मक्याऐवजी ओट चारतेय. ओट डोक्यात जातात. सोमवारी आणखी पोती आणीन.

५ जुलै, शनिवार

दोन आठवडे ओट. बादली भरून ओट. मी माझ्या जागी उभी राहून "चल राजा" म्हणाले.

डावीकडे.

पोरांपैकी एकानं बसचा भोंगा वाजवल्यासारखा आवाज काढला. ड्वेन हसला नाही, ते जास्त लागलं. तो जवळ येऊन म्हणाला, "व्हर्ना, तू जिवाचं रान करतेयस, दिसतं मला. पण जनावराच्या डोक्यात जे नाही ते बाहेरून घालता येत नाही."

"तुझ्या डोक्यात काय आहे ते तरी कुणाला कळलंय?" म्हणाले, आणि घरात येऊन सिंकजवळ उभी राहून रडले. बादली हातातच होती.

संध्याकाळी ओटिस पीचची टोपली ठेवून गेले. एवढे पीच एकट्या बाईनं खायचे कधी? त्यांचं झाड मोठं, खाणारं कुणी नाही, वाया जाऊ नयेत म्हणून आणले असतील. मी मुरांबा करून अर्धा परत देईन, म्हणजे फिटंफाट.

२ ऑगस्ट, शनिवार

आज जे बघितलं ते नीट लिहायला हवं.

पोरांनी वेळोवेळी फोनवर काढलेले सगळे व्हिडिओ शेल्बीनं गोळा केले होते. दुपारी आम्ही दोघी टेबलाशी बसलो. तिनं पहिला लावला आणि लगेच थांबवला.

"काकू, फाटक अजून उघडलेलं नाही. आता त्याचं डोकं बघ."

डीकन खोड्यात. मान वळलेली, कान ताठ, डोळा एकाच दिशेला. चित्राच्या कडेला काहीतरी हिरवं.

दुसरा. तिसरा. तेच. मग ड्वेनच्या रिंगणावरचा. कान उजवीकडे, आणि उजव्या कडेला हिरवं.

"माश्या," मी म्हटलं.

"काकू."

मग तिनं दाढेच्या दिवसाचा लावला. हिरवं कुठंच नव्हतं. खोड्यात डीकनचे कान इकडून तिकडे, तिकडून इकडे. फाटक उघडलं. तो उजवीकडे झेपावला, बघितलं, नाही. मागे फिरला, नाही. थांबला, मान वर. मग डावीकडे. पाठीवरचा स्वार तर त्याच्या गावीही नव्हता. लोक शिट्ट्या मारत होते, आणि तो मला शोधत होता.

वर्षभर सगळ्या गावानं त्याला मठ्ठ म्हटलं. मीही म्हटलं, ओट चारले, विहिरीला दोष दिला. आणि तो प्रत्येक वेळी पाठीवर माणूस घेऊन, पोटाला पट्टा बांधलेला असताना, दोन उड्यांत माझ्याकडे यायला निघत होता. तो वळत नव्हता. घरी येत होता.

शेल्बी हळूच म्हणाली, "आता कळलं ना काय करायचं ते?"

कळलं. जत्रेत मी तिथं असता कामा नये. "म्हणजे मी त्याला फसवायचं? त्यानं शोधायचं आणि मी लपून बसायचं?"

"शोधणं म्हणजे हाल नव्हेत काकू. उंदीर वाटेल तिकडे जायला लागतो ना, तेव्हा तो खचलेला नसतो. खचलेला उंदीर कोपऱ्यात बसून राहतो. शोधणाऱ्याला वाटत असतं, कुठंतरी आहे."

ती गेल्यावर मी डीकनपाशी जाऊन उभी राहिले. त्यानं माझ्या खांद्यावर नाक घासलं, ब्लाउज भिजवला. मी न भेटल्यानंच तू वाचणार, असं का रे, हे मी त्याला विचारलं. तो बादली शोधत होता.

१६ ऑगस्ट, शनिवार

सराव आमच्याच रिंगणावर, म्हणून मी घर सोडून गावात गेले. शनिवारी सकाळी गावात काय करतात ते मला माहीतच नव्हतं. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसले. एका बाईनं विचारलं, कुणाची वाट बघताय का. म्हटलं, नाही, माझी कुणीतरी बघतंय.

तीन स्वार, तिघेही जमिनीवर. ड्वेननं स्वतः फोन केला. "त्याच्या डोक्यात काय शिरलंय देव जाणे!" मी सांगितलं नाही. बसू दे विचार करत.

नंतर बादली घेऊन गेले तेव्हा डीकन रिंगणातून पळत आला आणि इतक्या जोरात थांबला की मातीनं माझं तोंड भरलं. रागावलेला नव्हता. मीच उगाच रात्रंदिवस घाबरत होते.

६ सप्टेंबर, शनिवार

जत्रा.

सकाळी डीकनला ओटिसच्या ट्रकात चढवलं आणि त्याच्यासमोरच त्यांना म्हणाले, "मी येत नाही." ओटिस म्हणाले, "त्याला माझ्यावर सोडा." मी वेगळी गेले, ड्वेनच्या जुन्या गाडीतून, बादली मागच्या सीटखाली दडवून. गाडी लावली ती पार चर्चच्या बायकांच्या ॲपल पायच्या मांडवापलीकडे. वारा रिंगणाकडून माझ्याकडे येत होता, ते बघून लावली. रिंगणाकडे पाठ करून बसले.

गर्दीचा आवाज मला पाठ आहे. डीकनच्या वेळी नेहमी काय होतं? फाटकाचा खडखडाट, थोडा गलका, आठ सेकंदांचा भोंगा आणि मिळमिळीत टाळ्या. माइकवर नाव आलं, "डीकन." मी डोळे मिटले. इतकी वर्षं चर्चला जाते, पण अशी प्रार्थना कधी केली नव्हती.

फाटक.

गलका झाला नाही. सगळ्या बाकांवरून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला, तो थांबला, परत आला. कुणीतरी ओरडलं, "अरे, कुठं चाललाय हा?" मग जो कल्लोळ उठला तो भोंग्याच्या कितीतरी आधी. भोंगा वाजलाच नाही.

मला धावत जायचं होतं. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. आत तो मान वर करून मला शोधत असणार हे मला माहीत होतं, आणि लोक त्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी हसत होते की रडत होते ते त्या मांडवातल्या बायकांना विचारा. त्यांनी सगळं बघितलं.

लमार घेतोय. तोंडात तंबाखू ठेवूनच म्हणाला, "बाई, वीस वर्षं वळू बघतोय. पुढं काय करणार ते काहींचं उशिरा कळतं. याचं मला कळलंच नाही." ड्वेननं टोपी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "थाळी फिरवू दे. डीकनच्या वतीनं." आमच्या घरात माफी अशीच मागतात.

सगळे पांगल्यावर मी मागच्या कुंपणापाशी बादली घेऊन गेले. मला वाटलं होतं तो रुसेल. त्यानं लांबूनच कान टवकारले आणि सरळ चालत आला, एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल लमार डीकनला घेऊन गेला. उद्या आर्कान्सॉमध्ये पहिला खेळ. लमारनं आसपासचे बाकीचे वळू वाहून नेण्याचं काम ओटिसना दिलंय, म्हणजे ते इथून दर आठवड्याला जाणार. रिकामं कुरण बघवत नाही. तरी सकाळी मक्याचा पाव भाजला आणि मग आठवलं.

शुक्रवार, म्हणून हॉटेलात गेले. वाढणाऱ्या पोरीनं न विचारता कॅटफिश आणायला घेतला. मी म्हटलं, "थांब. आज दुसरं काहीतरी."

"दुसरं काय?"

"ते मला काय माहीत? मी इथं दुसरं कधी खाल्लंय?"

ती हसत आत गेली आणि कोंबडीचं काहीतरी घेऊन आली. बरं होतं. कॅटफिशइतकं नाही, पण मी संपवलं.

ओटिस पलीकडच्या टेबलावर एकटेच बसले होते. तेही दर शुक्रवारी तिथंच असतात, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मी ताट घेऊन उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांच्या हातातला चमचा सुपात पडला.

"उद्या आर्कान्सॉला जाताना तुमच्या ट्रकात जागा होईल का?" मी विचारलं. "मी रिंगणापाशी येणार नाही. पार लांब बसेन. खेळ संपला की तेवढी बादली दाखवेन."

त्यांनी तोंड पुसलं, टोपी काढली, परत घातली.

"व्हर्ना," ते म्हणाले, बाई नाही, नुसतं व्हर्ना, "बाजूची सीट मी एप्रिलपासून झाडून ठेवतोय."

मी विचारणार होते, एवढी धूळ बसते का तुमच्या ट्रकात. तोंड उघडलंही होतं. मग त्यांचे कान दिसले, लालभडक झालेले, आणि मला बिजागरी आठवली, पीच आठवले, आणि एकाच वळूसाठी पट्टा बांधायला घातलेले ते सगळे शनिवार.

सकाळी सहाला निघायचं आहे. पाव दोघांपुरता भाजलाय, आणि डीकनपुरता वेगळा.